तंजावरची चिंच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा चिटणीसांची अपेक्षा अशी होती की, आम्ही तंजावरच्या भोसले राजवटीवर बोलावे. केंद्र सरकारच्या सेवेत असताना आमची चार वर्षे तंजावर भागात गेली, एवढ्याच भांडवलावर ही अपेक्षा होती. परंतु एकोजीराजांपासून सुरू होऊन १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाने संपलेल्या त्या राजवटीवर अधिकाराने बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आम्हीही पाहिला; पण पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे. आम्ही पडलो बी. ए. झालेले, फायली आणि दौरे यांत केस पिकविलेले गृहस्थ. तेव्हा राजांचा विषय विद्वानांकडे सोपवून आम्ही एका झाडावर बोलण्याची परवानगी मागितली. चिटणीसांनी किंचित आंबट चेहरा करून ती दिली, आणि विषय चिंचेचा असल्यामुळे तो चेहरा शोभलाही. या निवडीला एक खासगी कारणही आहे. ते ओघात येईल.

कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे फाटे फुटू लागतात आणि तेथून समुद्रापर्यंत जो सपाट मुलूख पसरला आहे तो कावेरीचा त्रिभुज प्रदेश. मेट्टूरचे धरण १९३४ साली झाले तेव्हापासून त्या पाण्यावर कुरुवै, सांबा आणि ताळडी अशी भाताची पिके निघतात. नजर जाईल तेथवर भात आणि मध्ये मध्ये नारळी-केळीचे हिरवे पुंजके. आमचे गाव वाईकडचे. चिंच म्हणजे माळाचे, बांधाचे, कोरड्या जमिनीचे झाड, ही आमची समजूत. या पाणथळ मुलखात ते कोठे असणार, असे आम्हांला पहिल्या दौऱ्यात वाटले होते.

ते अर्धवट खरे निघाले. भाताच्या खाचरात चिंच नाहीच. मुळांशी पाणी साचून राहिलेले तिला सोसत नाही. पण जेथे म्हणून जमीन हातभर उंच आहे, तेथे ती आहे. तळ्याच्या बांधावर, नदीकाठच्या उंच पट्ट्यात, देवळामागच्या मोकळ्या जागेत आणि सर्वांत अधिक म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. वल्लम, ओरत्तनाडु या भागांकडे निघालो की तांबडी जमीन लागते, तेथे तर तिचेच राज्य. ओरत्तनाडुला सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने १८०२ साली बांधलेले छत्र आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंची तेथे जेवणाची व विसाव्याची सोय होत असे. उत्तरेकडून पायी येणाऱ्या यात्रेकरूला छत्र ते छत्र चालताना सावली लागे, आणि दक्षिणेतील जुन्या वाटांवर ती सावली बहुधा चिंचेची असे. वड-पिंपळ पारावर शोभतात. पण धुळीत, उन्हात, कोणी पाणी न घालता शंभर-दीडशे वर्षे उभे राहायचे आणि वर फळही द्यायचे, हे काम चिंचेने केले.

आता मराठी मंडळींपुढे तंजावर आणि चिंच हे दोन शब्द एकत्र उच्चारले की सांबार आलेच. कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तंजावरच्या राजवाड्यात आमटी करायची होती, देशाहून येणारी आमसुले संपली होती, म्हणून कोणी तरी चिंचेचा कोळ घातला. पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून पदार्थाचे नाव सांबार पडले. कथा गोड आहे. परंतु तिला समकालीन कागदाचा आधार कोणी दाखविलेला नाही, आणि नावाचा उलगडा तर आपल्या संभार या शब्दाने, म्हणजे मसाल्याच्या सामग्रीने, अधिक सरळ होतो. शिवाय आमसुले न मिळाल्यामुळे चिंच सापडली, असे म्हणताना आपण हे विसरतो की तमिळ स्वयंपाकघरात ‘पुळी’ त्यापूर्वी कित्येक शतके नांदत होती. तमिळमध्ये पुळी म्हणजे चिंच आणि पुळी म्हणजे आंबटपणाही. चवीचे आणि फळाचे नाव एकच आहे, त्याला मराठ्यांनी चिंच शिकविली असे म्हणण्यात अर्थ नाही.

हे आम्ही एकदा कुंभकोणमजवळच्या खेड्यात एका तंजावरी मराठी घरी बोलून दाखविले. त्या घरची मंडळी तेथे सात-आठ पिढ्या राहिलेली. शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरातील आजींचे मराठी आमच्यापेक्षा जुन्या वळणाचे, मध्येच तमिळ क्रियापदाची गाठ बसलेले. त्या आम्हांला ‘देशाकडचे’ म्हणत, जणू आम्ही कालच एकोजीराजांच्या फौजेबरोबर उतरलो होतो. आमचे सांबारावरील प्रवचन त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमच्या घरी चिंच कोण फोडतं?” आम्ही म्हणालो, दुकानातून आणतो. त्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही. उठून आतून एक मातीचे मडके मात्र आणून दाखविले. त्यात दोन वर्षांची, जवळजवळ काळी पडलेली, मीठ लावलेली चिंच होती.

त्या आजींकडून आम्ही जे शिकलो ते येथील भगिनींना सांगण्यासारखे आहे. पिकलेली चिंच ओळखण्याची खूण रंगात नसून आवाजात असते. गर आक्रसून टरफलापासून सुटतो, मग बोटूक टिचकी मारली की पोकळ वाजते आणि दाबले की टरफल कडकन फुटते. तत्पूर्वीची गाभुळलेली चिंच मुलांनी मीठ लावून खावी, ती साठवणीची नव्हे. फोडलेल्या चिंचेच्या शिरा आणि चिंचोके काढून तिला कडक उन्हे दाखवायची, मीठ लावून गोळे करायचे आणि मडक्यात किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. धातूच्या डब्यात कधीही नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. इतर फळे पिकताना त्यांचा आंबटपणा ओसरतो. चिंचेत साखर वाढते, पण हे आम्ल जागचे हलत नाही, म्हणून ती एकाच वेळी गोड आणि आंबट. तेच आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवते. नाच्चियारकोइलच्या पितळी समया ज्या घरांत आहेत तेथे शुक्रवारी सकाळी चिंचेचा चोथा हाती घेतलेली बाई दिसतेच. आणि याच कारणासाठी चिंचेचे कालवण बिनकल्हईच्या पितळेत करीत नाहीत. त्या बाजूला रसमला कथलाचे भांडे आणि पुळीच्या कालवणाला दगडी भांडे, ही जुनी रीत अजून काही घरांत पाळली जाते.

गराची किंमत सर्वांना ठाऊक. चिंचोक्याची मात्र कोणी करीत नाही. आपण लहानपणी तो फरशीवर घासून शेजाऱ्याच्या दंडाला चटका दिला, फोडून सोंगट्यांच्या खेळात फासा म्हणून टाकला, भाजून दाढेखाली धरला आणि विसरलो. तंजावरला गेल्यावर आम्हांला त्याची खरी ओळख झाली. तंजावरची सोनेरी वर्खाची, रत्नखड्यांची देवचित्रे आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यांत आहेत. मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेली ही कला. तिच्या जुन्या पद्धतीत फणसाच्या फळीवर कापड चिकटवीत ते चिंचोक्याच्या खळीने, आणि त्यावर चुनखडीच्या पुडीचे जे लेप देत त्यातही चिकटपणासाठी बहुधा हीच खळ असे. म्हणजे यशोदेच्या मांडीवरचा बाळकृष्ण शंभर वर्षे फळीला धरून आहे तो चिंचोक्याच्या जोरावर. आम्ही एका कारागिराच्या ओसरीवर ती खळ शिजताना पाहिली. चिंचोके भाजून, वरचे तांबूस साल काढून, आतील पांढरे दळ भिजवून वाटायचे आणि मंद विस्तवावर घोटायचे. तो वास नाकात गेला आणि आम्ही एकदम माणदेशात पोहोचलो. आपल्याकडे घोंगडी विणून झाली की तिला अशीच चिंचोक्याची खळ देतात. त्यानेच नवी घोंगडी ताठ उभी राहते. धनगराच्या घोंगडीला आणि राजवाड्यातील चित्राला एकच खळ आहे, ही गोष्ट आम्हांला सांबाराच्या कथेपेक्षा अधिक जवळची वाटली. तिच्यात कोणी कोणाला काही शिकविल्याचा दावा नाही, हेही एक कारण असेल. कलमकारीतही चिंच आहे: कापडावर पहिली रेघ ओढायला चिंचेच्या काटक्या जाळून केलेला कोळसा वापरतात. तंजावरच्या राजघराण्यासाठी साड्या जेथे होत त्या कोडालिकरुप्पूरचे नाव या कामासाठी प्रसिद्ध आहे.

दुसऱ्या महायुद्धात स्टार्चची टंचाई पडली तेव्हापासून चिंचोक्याचे पीठ कापड आणि ताग यांच्या गिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी जाऊ लागले. आता त्याचा शुद्ध डिंक परदेशांतही जातो. जपानात तो खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरतात. भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचे शेंगेचे झाड आहे, चिंचेच्याच शिंबावर्गातील. त्याच्या गोड शेंगा जनावरे आणि माणसे दोघेही खातात, बियांचा डिंक निघतो, आणि जवाहिऱ्यांचा कॅरट हा शब्द त्या बीवरूनच आला असे मानतात. सायप्रसमध्ये त्याला काळे सोने म्हणत. आपल्या चिंचोक्याला अजून असे नाव कोणी दिलेले नाही.

झाडाच्या मूळ गावाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. अरबांनी त्याला ‘तमर-हिंदी’, हिंदुस्थानचा खजूर, म्हटले आणि युरोपने तेच नाव उचलले. प्रत्यक्षात वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ आफ्रिकेत सांगतात. पण ते इकडे आले त्यालाही युगे लोटली. उत्तर प्रदेशातील नरहन येथील उत्खननात इसवी सनापूर्वीच्या थरांत चिंचेचा कोळसा मिळाला आहे. चिंचवड, चिंचणी, चिंचोली, चिंचपोकळी ही आपली गावे-वस्त्या आणि चेन्नईतील पुळियंतोप हे सारे तिच्याच नावाचे.

इतके असूनही चिंचेचा लौकिक चांगला नाही. तिच्याखाली गवत धड उगवत नाही, रात्री पाने मिटतात, सावली दाट, म्हणून तिच्यावर भूत राहते असे आपल्याकडेही म्हणतात आणि तमिळ खेड्यांतही. नागपट्टिणमजवळ तिरुक्कण्णंगुडी येथे मात्र एका चिंचेची उलटी आख्यायिका आहे. तिरुमंगै आळ्वार नागपट्टिणमहून बुद्धाची सोन्याची मूर्ती घेऊन श्रीरंगमच्या कामासाठी निघाले. वाटेत रात्र झाली, तेव्हा त्यांनी ती शेतात एका चिंचेखाली पुरली आणि झाडाला बजावले, झोपू नकोस, पहारा कर. पहाटे नांगर धरलेला शेतकरी आला तसा झाडाने पानांचा सडा पाडून त्यांना जागे केले. त्या झाडाला ‘उरंगा पुळी’, न झोपणारी चिंच, म्हणतात. मूर्ती कोणाची, नेली कोणी आणि कशी, हा वाद ज्यांनी घालायचा त्यांनी घालावा. रात्रभर पाने उघडी ठेवून राखण करणारे झाड मात्र आमच्या मनात राहिले, आणि त्याला कारण झाले.

आमच्या अखत्यारीतील एका लहान गावच्या कचेरीच्या आवारात एक जुनी चिंच होती. खोड दोन माणसांच्या कवेत न येणारे. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी येत: मुळांनी कुंपणाची भिंत तडकली आहे, पक्षी वाहने घाण करतात, संध्याकाळी बायकांना भीती वाटते. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘गज’ वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर चढले आणि त्या भागातील नारळाची लाखो झाडे आडवी झाली. आमच्या चिंचेची एक फांदी तेवढी मोडली. वास्तविक चिंच वाऱ्याला टिकणारे झाड. जे वादळात उभे राहिले ते उद्या पडेल असे समजण्याचे कारण नव्हते. पण त्या दिवसांत प्रत्येक झाडाची धास्ती होती. पुढे फाईल आली, तीत ‘धोकादायक’ हा शब्द होता. आम्ही झाड पाहायला गेलो नाही. दौऱ्याला वेळ नव्हता असे आम्ही स्वतःला सांगितले. रीतसर परवानग्या जोडलेल्या होत्या. आम्ही सही केली. लाकूड लिलावात गेले. बुंध्याचा मोठा तुकडा एका खाटकाने ओंडका करण्यासाठी घेतला, कारण सुऱ्याच्या घावाने न चिरणारे लाकूड ते, आणि बाकीचे वीटभट्टीवर गेले.

त्यानंतरच्या मासी महिन्यात, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आम्ही तपासणीसाठी त्या कचेरीत गेलो असताना एक म्हातारी बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. काखेत घडी केलेले पोते आणि हातात लांब वेळू. शिपायाने सांगितले की त्या झाडाच्या फळाचा मक्ता वर्षानुवर्षे तिच्याकडे असे. थोडी रक्कम भरायची, आठवडाभर चिंच झाडायची, मग दोन महिने घरी बसून फोडायची आणि विकायची. तिला कोणी कळविले नव्हते. कळवावे असे फाईलमध्ये कोठे लिहिलेले नव्हते, कारण फाईलमध्ये ती नव्हतीच. ती रिकाम्या जागेकडे पाहत उभी राहिली. मग तिने आम्हांला, म्हणजे साहेबांना, एवढेच विचारले की नवे लावले तर किती वर्षांनी फळ येईल. आम्ही म्हणालो, बियांचे आठ-दहा वर्षांनी. ती हसली. आमच्या वयाकडे पाहून हसली की स्वतःच्या, हे कळले नाही. पोत्याची घडी तशीच काखेत घेऊन ती गेली.

ते खासगी कारण हे. त्या रात्री आम्ही रायरांच्या आजींनी दिलेल्या चिंचेतले चिंचोके निवडून पाण्यात भिजत घातले, तेव्हा या विषयाला प्रारंभ झाला.

आता लावणीविषयी. चिंचोके रात्रभर भिजवून पिशवीत बोटाच्या पेराइतके खोल टोचले की आठवड्या-दीड आठवड्यात कोंब वर येतो. लवकर फळ हवे असेल त्याने कलम आणावे; मृदकाष्ठ कलम केलेले झाड चौथ्या-पाचव्या वर्षी धरते. तमिळनाडूत पेरियाकुलमच्या केंद्राने काढलेली ‘पीकेएम १’ ही जात मिळते. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, हिमायतबाग केंद्राची ‘प्रतिष्ठान’ प्रसिद्ध आहे. पण कलमाचे झाड आटोपशीर राहते. सावली, वाट आणि नातवंडे यांचा विचार असेल तर बियांचेच झाड लावावे. खड्डा हात-दोन हात खोल, दोन झाडांत तीस-पस्तीस फूट अंतर, आणि भिंतीपासूनही तितकेच. आमच्या कचेरीची भिंत तडकली त्यात दोष चिंचेचा नव्हता, भिंत नंतर आली होती. देशावर आपण आषाढाच्या पावसात लावतो. येथे खरा पाऊस ऐप्पसीत, आपल्या आश्विन-कार्तिकात, म्हणून त्याच्या तोंडावर लावावे आणि सपाट जागेत मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी, पहिली तीन वर्षे शेळ्यांपासून कुंपण; पुढे ते आपले आपण पाहून घेते. फळे झाडताना वेळूने बदडू नये, फांदी हलवावी. बदडल्याने पुढच्या बहराची कोवळी डहाळी मोडते. पूर्ण वाढलेले झाड चांगल्या वर्षी दीड-दोनशे किलो शेंगा देते, एखादे वर्ष हात आखडते. शेंगांच्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मा गर धरावा.

हल्ली रस्ते चौपदरी होतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या जुन्या चिंचा पहिल्या जातात. रस्ता हवा, हे आम्ही सरकारी नोकर नाकारणार नाही. भरपाई म्हणून जी रोपे लावतात त्यांत चिंच क्वचित असते. नोंदवहीत तीन वर्षांत वाढलेली दिसतील अशी झाडे सर्वांना हवी असतात, आणि चिंच नोंदवहीसाठी फार सावकाश वाढते. आम्ही त्या कचेरीच्या आवारात, भिंतीपासून पस्तीस फूट मोजून, दोन रोपे लावून आलो. एक शेळीने खाल्ले. दुसरे गेल्या वर्षी आमच्या छातीपर्यंत आले होते. पोते घेऊन आलेल्या बाईंचे घर आम्ही नंतर शोधून काढले. त्या लेकीकडे गेल्या होत्या, सुनेला आम्ही झाडाची जागा दाखवून ठेवली आहे आणि मक्त्याची नोंद कचेरीच्या वहीत लेखी केली आहे. नियमात बसते की नाही ते पुढचे अधिकारी पाहतील.

सभागृहाबाहेर पाण्याच्या पिंपाजवळ चाळीस रोपे ठेवली आहेत. तंजावरच्या आजींच्या मडक्यातील बियांची ही दुसरी खेप. घरापुढे जागा नसली तरी कोणाची शाळा, कोणाचा कारखाना, कोणाचे गावाकडचे शेत असेलच. सुट्टीत वाईला, सोलापूरला गाडीने न्यायलाही हरकत नाही. दोन दिवस पाणी नसले तरी रोप तग धरते. फक्त लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण फाडून काढावी आणि तळाशी मूळ वेटोळे झाले असेल तर ते हलक्या हाताने सोडवून मगच खड्ड्यात उतरवावे.